ढोलीच्या खोलीतले सात इंच

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधीच सांगून टाकतात, की आपला असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मीही तेच सांगणार आहे. फक्त माझ्याकडे त्याचं कारण आहे. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले सगळे देव एका टोपल्यात भरून ते वैनगंगेवर घेऊन गेले. परत आल्यावर आईला म्हणाले, "देव गेले, आता भुतंही गेली. दोघांचं सामान एकच होतं." तेव्हापासून आमच्या घरात या विषयावर चर्चा झालेली नाही.

पुढे मी वार्ताहर झालो. नागपूरच्या एका दैनिकाला नागभीडहून बातम्या पाठवायचो... लिफाफा छोट्या लाइनच्या गाडीनं जायचा. एका गावात पिंपळाखाली दिवे हलतात अशी तक्रार आली, म्हणून लागोपाठ तीन संध्याकाळी तिथे जाऊन बसलो. जुगारी निघाले. दोन कॉलम बातमी छापून आली. जुगार बंद झाला नाही, पिंपळ बदलला. सांगायचा मुद्दा एवढाच, की ऐकीव गोष्ट लिहायची मला सवय नाही. खाली जे देतो आहे ते मोजमापासह देतो आहे.

साल चौऱ्याऐंशी, महिना जून. घर नागभीडला, स्टेशनच्या मागच्या वस्तीत. मालक गुलाबभाऊ, शेजारच्याच अर्ध्या भागात एकटे राहणारे, साठीच्या आसपासचे. आमच्याकडे पुढची खोली, स्वयंपाकाची जागा आणि मागची एक खोली. पुढच्या खोलीत मी, माझी पत्नी शालिनी, आमचा पलंग, माझं टेबल आणि बातमी घेऊन येणारी माणसं. शालिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मागच्या खोलीत सामान.

मागची खोली नऊ फूट चार इंच लांब आणि साडेपाच फूट रुंद. तिच्या एका टोकाला गुलाबभाऊंची ढोली. बांबूच्या कमच्यांची गोल विणून शेणामातीनं लिंपलेली, धान साठवायची. माणसाएवढी उंच, आरपार मोजली तर चार फूट एक इंच. खोलीचं दार अडीच फुटांचं. ढोली आत आली कशी, हे मी घर घेतानाच विचारलं होतं.

"आली नाई जी," गुलाबभाऊ म्हणाले, "माह्या बापानं इथीच विणली. आधी ढोली, मंग भिंती."

"पण तिच्यात धान तर नाही."

"नाई. वाटणीत शेती भावाकडं गेली. ढोली माह्याकडं आली."



त्या जूनमध्ये सासऱ्यांचं पत्र आलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यात शेती करायचे. धाकटी मुलगी माया दहावी चांगल्या रीतीनं पास झाली होती आणि तिथे जवळपास पुढचं शिक्षण नव्हतं. नागभीडला कॉलेज होतं, बहीण होती. पत्र सात ओळींचं होतं. त्याचा मजकूर असा, की मायाला तुमच्याकडे ठेवतो. ती खाली झोपणार नाही. खाट मी केली आहे, घेऊन येतो. लांबी सहा फूट एक इंच, मास्तरकडून मोजून घेतली. येता सोडून पुढच्या रविवारी येतो. खाट मांडली गेली तर पोरगी राहील. नाही तर सोयरीक आलेली आहे, ती पुढे नेतो.

खाटेचा हा आग्रह लहर नव्हता. मामाजींची धाकटी बहीण जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावून गेली. तेव्हा ती मायाच्याच वयाची होती. त्यांच्या घरात तेव्हापासून पाहुणासुद्धा खाली झोपत नाही. शालिनीनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून ब्लाउजात ठेवलं.

"खोली रिकामी करा," ती म्हणाली.

"होईल हळूहळू."

"हळूहळू नाई. रविवारपर्यंत. सोळा वर्षांची पोर आहे ते. इथं खाट नाई मांडली तं तिकडं मांडव पडते."

माझ्या हातात नऊ दिवस होते.

मागच्या खोलीत काय होतं, याची मी रीतसर यादी केली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे. सहकारी सोसायट्यांनी आणि राइस मिलवाल्यांनी दिलेली कॅलेंडरं, मागच्या सहा वर्षांची. सत्काराच्या शाली, एकीचीही पूर्ण घडी न मोडलेली. काच नसलेली पेट्रोमॅक्स. छत्र्या तीन, त्यांत मिळून एक पूर्ण छत्री. पुढचं चाक नसलेली सायकल. शालिनीच्या शाळेतला मोडका पृथ्वीचा गोल, ज्यावर दक्षिण अमेरिका नव्हती. बुडाला भोक पडलेलं गुंड, म्हणजे पाण्याचं पितळी भांडं. यादी अडीच पानं झाली.

"यादी काऊन करून राह्यले?" शालिनीनं विचारलं. "सामान काढा. यादी ठेवायले पुन्हा जागा लागन."

सगळ्यात जास्त जागा वर्तमानपत्रांनी अडवली होती. अकरा वर्षांचे अंक, ज्यांत माझी बातमी होती तेवढेच. मी म्हणालो, हा संदर्भ आहे. तिनं एक अंक उघडला, माझी बातमी शोधली. ती सातव्या पानावर, पंचांगाच्या खाली होती. 'नागभीड येथे म्हैस विहिरीत पडली. सुखरूप बाहेर.'

"यासाठी आठ पानं?"

"तारीख कळते."

"म्हशीले इचारा, तिले याद असन."

गठ्ठे किराणावाल्याला पुड्या बांधायला देऊन टाकले. जाताना एकही अंक उघडून पाहायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दोन पाहिले. बाकीचं सामान अंगणात काढलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं, लागेल ते घेऊन जा. सोमवारी काढलं, मंगळवारी दुपारी अंगण मोकळं झालं होतं. शाली गेल्या, सायकल गेली, गोल गेला. मला बरं वाटलं. नागभीडच्या माणसाला दक्षिण अमेरिका नसलेल्या पृथ्वीचं काय काम असेल, हा प्रश्न मनात आला होता. पण मी त्याचा पाठपुरावा केला नाही. वार्ताहर म्हणून ती चूक होती.

गुरुवारी शालिनी मागची खोली सारवत होती. धान काढण्यासाठी ढोलीला खालच्या बाजूला वीतभर भोक असतं, त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. बोळा मळका होता म्हणून तिनं तो ओढला. आतून छत्रीची मूठ बाहेर आली.

तिनं मला हाक मारली. मी स्टूल आणून वरचं झाकण सरकवलं. वर शाली होत्या. शालींखाली पेट्रोमॅक्स, कॅलेंडरं, गुंड. सायकल सुटी करून भरली होती. पृथ्वीचा गोल मधोमध, युरोप वर.

गुलाबभाऊ अंगणात दात घासत होते.

"गुलाबभाऊ, हे काऊन केलं?"

"म्या का केलं?"

"आम्ही फेकलेलं सामान ढोलीत भरलं तुम्ही."

"फेकलं? म्या म्हटलं, तुमी बाहीर ठेवलं, पाणी-पावसाचे दिवस आहेत, भिजन." ते राखुंडीचं बोट झटकत म्हणाले. "तुमी दोघं डुटीवर. म्या शिडी लावून एकेक वस्तू चढवली. माही कंबर पाहा जी!"

"पण आम्हाला खोलीत जागा करायची होती!"

"मंग झाली ना. खोलीतली वस्तू ढोलीत गेली. ढोलीनं का तुमची जागा जास्तीची घेतली?"

हे खरं होतं. ढोलीनं जास्तीची जागा घेतली नव्हती. मी तेव्हाच टेप आणून खोली मोजायला घेतली, आणि खरी अडचण तेव्हा लक्षात आली. नऊ फूट चार इंचांतून ढोलीचे चार फूट एक इंच गेले की उरतात पाच फूट तीन इंच. ढोली गोल असल्यामुळे भिंतीला घासून खाट लावली तर तीन इंच जास्त मिळतात, तेही धरले. साडेपाच फूट. खाट सहा फूट एक इंच. आडवी लावावी तर खोलीची रुंदीही साडेपाचच. तिरपी लावली तर दार उघडत नाही.

सात इंच कमी पडत होते. एवढं सगळं सामान काढून... सात इंच.

शालिनी ओल्या सारवणाकडे पाहत उभी होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी गुलाबभाऊंकडे परत गेलो आणि सरळ म्हणालो, ढोली फोडू या. मायाची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"रिकामी ढोली फोडत नसतेत, भाऊ. ढोली मोडाची तं आधी भराची. नवं धान टाकाचं, वाटाचं, मंग मोडाची. रिकामी फोडली तं घरातलं अन्न उठते. बाप सांगून गेला."

"नवं धान दिवाळीला. मुलगी रविवारी येते आहे."

"मले समजते."

"आणि आता ती रिकामी कुठे आहे? तुम्हीच तर भरली."

गुलाबभाऊ विचारात पडले. मला वाटलं, मुद्दा पटला.

"कंदिलानं भरली," ते शेवटी म्हणाले. "कंदील का रांधून खाल?"

शुक्रवारी मी उसनं धान मिळतं का ते पाहिलं. दीड पोतं मिळालं असतं; ढोलीला किती लागतं ते विचारल्यावर देणारा हसला. शनिवारी सुताराकडे गेलो. खाट सात इंचांनी कापता येईल का? तो म्हणाला, येईल. मग मी शालिनीला विचारलं.

"बाबानं दोन म्हयने रंधा मारला तिच्यावर," ती म्हणाली. "कापाल तं मले आधी सांगा, मी माहेरी तोंड नाई दाखवत."

शनिवारी संध्याकाळी मी निर्णय घेतला. मामाजी आले की खाट उतरवायच्या आधीच त्यांना सांगायचं, की जागा नाही. खोटं बोलून उपयोग नव्हता. लांबी लपवता येत नाही. तरी मनाची खात्री म्हणून तीन ठिकाणांहून मापं मागवली. शिंप्याची टेप, सुताराची घडीची पट्टी आणि रेल्वेच्या गँगमधल्या एका मुकादमाची लोखंडी टेप. तिन्हींनी मोजलं. तिन्हींचं उत्तर साडेपाच फूट.

रविवारी दुपारी बाराच्या बसनं मामाजी आणि माया आली. मामाजी उंच, वाळके, बोलायला कमी. खाट बसच्या टपावर होती. गडचिरोलीला ती एका टपावरून दुसऱ्या टपावर चढवावी लागली होती आणि तेव्हा कंडक्टरशी बोलाचाली झाली होती, हे मायानं सांगितलं. बिजाच्या लाकडाची खाट, अंबाडीच्या दोरीनं विणलेली. पाय घोटून गुळगुळीत केलेले.

"जय भीम, जवाई."

"जय भीम, मामाजी. बसा आधी. मला एक सांगायचं आहे—"

"खाट आधी," ते म्हणाले. "उन्हात वाकडी होते."

मी शालिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नेऊन तं पाहा." तिच्या आवाजात काही नव्हतं. माया ट्रंक घेऊन दारात उभी होती. तिनं ती अजून खाली ठेवली नव्हती. गुलाबभाऊ कुंपणावरून बघत होते.

खाट आडवी धरून आम्ही दारातून आत घेतली. मामाजी भिंतीकडे, मी ढोलीकडे. भिंतीला घासून ती खाली घ्यायला लागलो. माझ्या बाजूचा पाय ढोलीवर आदळेल, लिंपण पडेल, आणि मग सगळ्यांनाच कळेल. असा माझा हिशेब होता. मी डोळे बारीक करून वाट पाहिली.

खाटेचे चारही पाय जमिनीला टेकले.

डोक्याकडची बाजू भिंतीला लागली होती. पायथ्याकडून ढोलीपर्यंत दोन बोटं जागा होती. मी बोटं घालून पाहिली.

मामाजी खाटेवर बसले, मग आडवे झाले, पाय लांब केले. त्यांची उंची पावणेसहा फूट. पाय ढोलीला लागले नाहीत. छताकडे पाहत ते थोडा वेळ पडून राहिले. मग उठून म्हणाले, "बरं आहे. पोरगी राहीन."

मायानं ट्रंक खाली ठेवली. शालिनी स्वयंपाकाच्या जागेत गेली आणि भांडी गरजेपेक्षा जास्त वाजली.

मामाजी जेवून चारच्या बसनं ब्रह्मपुरीला भाचीकडे गेले. त्यांना बसमध्ये बसवून मी धावतच घरी आलो आणि तिन्ही मापं काढली. खाटेची लांबी, तिच्या लाकडावर टेप ठेवून: सहा फूट एक इंच. भिंतीपासून ढोलीपर्यंतचं अंतर, त्याच खाटेवरून टेप ताणून: साडेपाच फूट. पुन्हा मोजलं. तेच. दोन टेपा एकाच वेळी, एकावर एक धरल्या. एक सहा-एक सांगत होती, दुसरी साडेपाच.

मी शक्यता तपासल्या. ढोली सरकली असती तर बुडाशी गुरुवारचं सारवण फाटलं असतं. त्यावर एक चीरही नव्हती. भिंतीचं तेच. ढोली आकसली म्हणावं, तर तिच्यात सायकलसुद्धा कोंबलेली; घेर वाढायला हवा होता. खाट कुठे वाकली नव्हती, पाय सरळ होते. माझी नजर चुकली म्हणून गुलाबभाऊंना बोलावलं. त्यांनी स्वतः टेप धरली.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"टेप खोटी आहे."

"तिन्ही?"

"तं मंग तिन्ही." त्यांनी ढोलीच्या अंगावरून हात फिरवला. "म्या म्हटलं होतं, फोडू नका. ढोली घरच्याले पाह्यते."

"हे कारण झालं नाही, गुलाबभाऊ."

"म्या कारण कुठी सांगून राह्यलो? म्या तं ढोलीची गोष्ट सांगून राह्यलो."

मी चौथ्यांदा मोजायला वाकलो, तेव्हा माया मागून म्हणाली, "भाऊजी, खाट बसली ना?"

"बसली."

"मंग बाजूले सरका. मले पुस्तकं लावाची आहेत."

या घटनेची बातमी मी लिहून पाहिली. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्यात 'कसे' आलं आणि तिथे लेखणी थांबली. कार्यालयातले आमचे जुने उपसंपादक अशा बातमीवर लाल शाईनं एकच प्रश्न लिहायचे: 'कोण म्हणालं?' मी कागद फाडला.

माया दोन वर्षं त्या खाटेवर झोपली, बसली, अभ्यास केला. बारावी झाली. नर्सिंगला तिचा नंबर लागला आणि ती चंद्रपूरला होस्टेलवर गेली. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात खोलीला चुना द्यायचा म्हणून आम्ही खाट बाहेर काढली. चुना वाळल्यावर परत नेली. तीच खाट, तीच भिंत, तीच बाजू. माझ्या बाजूचा पाय ढोलीवर आदळला आणि लिंपणाचा पोपडा पडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आदळला. मोजलं. सात इंच कमी.

खाट आता पडवीत आहे. तिच्यावर गुलाबभाऊ दुपारी झोपतात.

मागच्या उन्हाळ्यात मुलचेऱ्याकडे गेलो होतो. मामाजी आता थकले आहेत. अंगणात आम्ही दोघंच बसलो होतो. मायाच्या पहिल्या पगारातून आलेलं धोतर ते मला दाखवत होते. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. साडेपाच फूट, सहा फूट एक इंच, तिन्ही टेपा. मला वाटलं, ते हसतील किंवा घाबरतील.

ते म्हणाले, "मले माहीत आहे."

"कसं?"

"खाटेवर पडाच्या आधी, तुमी बोटं घालून पाहत होते तवा, म्या विती टाकल्या होत्या. खाटेवर आठ. भिंतीपासून ढोलीपर्यंत सात, अन् वर तीन बोटं." त्यांनी हात पुढे करून वीत दाखवली. "हात का खोटं सांगते? खाट बसतच नव्हती, जवाई. म्या पाह्यलं."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

मामाजींनी धोतराची घडी नीट केली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत पुन्हा पुन्हा तेच विचारणाऱ्या मुलाकडे पाहतात.

"बोलाले का जाते? पोरगी टरंक हातात धरून दारात उभी होती. म्या म्हटलं असतं, 'बसत नाई'... अन् खाटेनं ऐकलं असतं तं?"

मी दोन स्वतंत्र साक्षीदार तपासले आहेत, गुलाबभाऊ आणि मामाजी. दोघांची मापं वेगवेगळ्या साधनांनी घेतलेली, आणि ती तंतोतंत जुळतात. दोन्ही मापांप्रमाणे ती खाट त्या खोलीत मावत नव्हती. माया सध्या चंद्रपूरला नोकरी करते. याहून पुढे मला काहीही सांगता येत नाही.